इसामी मारूची ओळ

माझ्या वडिलांना चोर ठरवणारी ओळ माझ्याच हातांनी जुळवायची वेळ आली तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. निइदा मालकांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागून मला वीस वर्षं झाली होती. आमच्या नामिसाकी बंदरात छापखाना तो एकच. लग्नपत्रिका, मासळीबाजाराची दरपत्रकं, शाळेची गुणपत्रकं, सगळं आमच्याकडे यायचं. त्या वर्षी मात्र मोठं काम आलं होतं. युद्धाच्या काळात इथं नौदलाचं विभागीय मुख्यालय होतं. त्याचा चारशे पानांचा इतिहास जुन्या अधिकाऱ्यांच्या मंडळानं लिहून काढला होता, आणि तो कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांत छापायचा होता.

आमच्या कामात मजकूर वाचायचा नसतो. वाचायला लागलं की हात मंदावतो. डाव्या हातात लाकडी तबक आणि लेखकाचा कागद, समोर भिंतभर खण, आणि उजवा हात आपला आपण अक्षरं वेचत राहतो. असं न वाचता मी त्या इतिहासाची दोनशे पानं जुळवली होती. तरीही काय काय डोळ्यांत शिरायचंच. पहिल्या सेनापतींनी लावलेल्या चेरीच्या झाडांवर दोन पानं होती. दुसऱ्या सेनापतींच्या घोड्यावर एक अख्खं पान होतं, घोड्याच्या नावासकट. मनात म्हटलं, असू दे, घोडाही कुणाचा तरी असतोच.

आणि मग दोनशे अकराव्या पानावर हाताखाली इसामी मारू आली.

'मे महिन्याच्या बारा तारखेला इसामी मारू ही मासेमारी नौका बंदी मोडून चोरून मासे धरण्यासाठी निषिद्ध समुद्रात गेली आणि शत्रूच्या विमानांनी ती बुडवली. या हावरटपणामुळे विभागाच्या टेहळणीच्या कामात अडथळा आला.'

इसामी मारू माझ्या वडिलांची. तामेकिची त्यांचं नाव. त्यांच्यासोबत सहा माणसं होती. सातांपैकी एकही परत आला नाही, आणि नौदलाच्या माणसानं तेव्हा दारात उभं राहून आईला हेच सांगितलं होतं: बंदी मोडली, बुडाले. त्यानंतर बंदी आणखी कडक झाली, किनाऱ्यालगतच्या होड्यांचंही तेल बंद झालं, आणि अख्खं गाव म्हणालं की तामेकिचीच्या हावेपायी आपल्या चुली विझल्या. ऑगस्टमध्ये ओबोनला, पितर परत निघतात त्या संध्याकाळी, आमच्या धक्क्यावर बुडालेल्या होड्यांची नावं एकेक करून पुकारतात आणि प्रत्येक नावाला एक कंदील पाण्यात सोडतात. तेवीस वर्षांत इसामी मारू पुकारली गेली नाही. आई दर वर्षी धक्क्यावर जायची, शेवटच्या नावापर्यंत उभी राहायची आणि घरी यायची. माझं ठरलेलं लग्नही त्याच नावानं मोडलं. त्याचं मला फारसं वाटत नाही, तो माणूस पुढे दारुडा निघाला. पण आईचं ते उभं राहणं मला बघवत नसे.

मला खरं ठाऊक होतं. आईलाही होतं. वडील जाण्याआधी तिला एवढंच म्हणाले होते, "नौदलाचं काम आहे, तोरा. कुणाला बोलायचं नाही, तोंडी हुकूम आहे." आणि मी त्या दिवसांत मुख्यालयात कामाला होते. सोळा वर्षांच्या आम्हा बारा शाळकरी मुलींना तिथं जुंपलं होतं. नौदलाच्या धक्क्यावर दोन दिवस बांधून ठेवलेली आमची होडी मी कुंपणातून पाहिली होती. तिची डोलकाठी बुडापासून कापली होती आणि त्या जागी ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. शेपूट छाटलेल्या कुत्र्यासारखी दिसत होती बिचारी. हे आम्ही आधी सांगून पाहिलं. "कागद दाखवा," असं सगळे म्हणाले. पुढे आम्ही सांगायचं सोडलं.

तर ती ओळ मी जुळवली नाही. आमच्याकडे एखादं अक्षर नसलं की तेवढ्या जागी कुठलाही खिळा उलटा लावतात. कच्च्या छपाईत तिथं दोन जाड काळ्या रेघा उमटतात, खडावांच्या तळव्याच्या ठशासारख्या. आम्ही त्याला खडावाच म्हणतो. मी त्या दोन वाक्यांचा प्रत्येक खिळा उलटा लावला.

गुरुवारी कुरोसे साहेब तपासायला आले. युद्धात लेफ्टनंट होते, पुढे लाकडाच्या वखारीचे मालक झाले. इतिहासाचे संपादक तेच. येताना गोड वड्यांचा पुडा आणायचे, चहा प्यायचे, एकेक पान वाचायचे आणि पसंत पडलं की कोपऱ्यात आपला शिक्का मारायचे. नौदलाच्या विद्यालयात निघताना वडिलांनी दिलेला शिक्का, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना तीन तीनदा सांगून झालं होतं. हस्तिदंती होता, डाव्या कडेला खाली टवका उडालेला. चहा संपायच्या आत ते दोनशे अकराव्या पानाशी थांबले.

"निइदा, हे काय? इथून कुणी चालत गेलं काय?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खिळे शिल्लक नाहीत, साहेब."

"कुठल्या अक्षराचे?"

"त्या ओळींतल्या सगळ्याच अक्षरांचे."

मालक खाकरले. कुरोसे साहेबांनी चष्मा काढून मला पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर मी त्यांच्या लेखी खणांसमोरची पाठ होते.

"इसामी मारू माझ्या वडिलांची," मी म्हणाले. "ते मासे धरायला गेले नव्हते. तुम्ही होडी घेतलीत, डोलकाठी कापलीत आणि टेहळणीला पाठवलंत."

"बाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं दुःख मी समजू शकतो. पण हा इतिहास आहे. कागदाशिवाय मी एक शब्द लिहीत नाही. ताब्यात घेतलेल्या मासेमारी होड्यांची यादी उपलब्ध नाही. तसं मी एकशे नव्वदाव्या पानावर प्रामाणिकपणे लिहिलंय."

मी ते जुळवलं होतं. 'काही होड्या ताब्यात घेऊन त्यांच्या डोलकाठ्या कापल्या व तेथे मशीनगन बसवल्या. नावे उपलब्ध नाहीत.' घोड्याचं नाव उपलब्ध होतं.

"उपलब्ध कशी असेल? आपण जाळली."

"आपण म्हणजे?"

"मी. आणि अकरा मुली. शरणागतीनंतर दोन दिवसांनी, मुख्यालयाच्या भटारखान्यामागच्या खड्ड्यात. तुम्ही तोंडाला रुमाल बांधून उभे होतात आणि म्हणत होतात, पोरींनो, गठ्ठे सोडून टाका, बांधलेला कागद नीट जळत नाही. तीन दिवस जाळत होतो. माझ्या भुवया जळाल्या होत्या."

त्यांना आठवत नव्हतं. खरंच आठवत नसावं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. माझ्या भुवया तीन महिने उगवल्या नव्हत्या आणि या माणसाला तो धूरही आठवत नव्हता. त्या गठ्ठ्यांत वडिलांच्या होडीचा कागद असेल, आणि तो मी माझ्या हातांनी सुटा करून नीट जळेल असा टाकला असेल, हा विचार घेऊन मी तेवीस वर्षं झोपत होते.

"तो वरचा हुकूम होता," ते म्हणाले. "आणि आता कागद नाही तो नाहीच."

"मग बंदी मोडल्याचा कागद कुठाय? ही ओळ कशावरून लिहिलीत?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "ते तर बंदरात सगळ्यांना माहीत आहे. मी मच्छीमार संघाच्या सेन्दांना विचारून घेतलं."

म्हणजे यांनीच खोटं दारोदार सांगितलं, गावानं ते तेवीस वर्षं सांभाळलं, आणि आता तेच गावाकडून परत मागून घेऊन हे त्याला साक्ष म्हणत होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या यालाच. मी तसं तोंडावर म्हणाले. मालकांच्या हातातला चहा सांडला.

कुरोसे साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. थोडा विचार करून ते म्हणाले, "असं करू. ती दोन वाक्यं काढून टाकू. इसामी मारूचा उल्लेखच नको. झालं समाधान?"

मालकांचा चेहरा खुलला. सुंठीवाचून खोकला गेला. ते लगेच म्हणाले, "किनुए, साहेबांचे आभार मान."

"एकदा जाळलंत," मी म्हणाले, "आता पुसताय. मी आभार मानणार नाही. मला त्या सात माणसांची नावं आत हवीत."

"पुरावा आणा," साहेब उठत म्हणाले. "पुढच्या गुरुवारपर्यंत. त्यानंतर पान छापायला जाईल."

ते गेल्यावर मालकांनी मला फैलावर घेतलं. "वीस वर्षांत एवढं काम आलं नव्हतं आपल्याकडे. तुझ्या बापाबद्दल मला काय आकस आहे? पण गिऱ्हाइकाला चोर म्हणतात का, गं?" मी खडावांचे खिळे एकेक करून खणांत परत टाकत राहिले. तेव्हाच डोक्यात आलं. डोलकाठ्या कापल्या, असं साहेबांनी स्वतः लिहिलं होतं. बंदरात होडीला हात लावणारा सुतार त्या वेळी एकच होता. बाकीचे सगळे लढाईवर गेले होते.

गिनझो सुतार तेव्हा ऐंशीच्या घरात होता. रविवारी गेले तर उन्हात बसून मुळे सोलत होता. मी सरळच विचारलं, "गिनझोकाका, इसामी मारूची डोलकाठी तुम्ही कापलीत ना?"

त्याच्या हातातला मुळा खाली पडला. त्यानं चाकू बाजूला ठेवला. मग म्हणाला, "पोरी, तेवीस वर्षं वाट बघत होतो. कुणीतरी येऊन विचारेल म्हणून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तुझ्या बापाला आणि त्या सहांना मी मारलं म्हणून सांगू?"

मला काही कळेना. तो उठून आत गेला आणि तळहाताएवढी, धुरकट झालेली लाकडी डबी घेऊन आला. मी मागे सरले. आमच्याकडे नवी होडी बांधली की तिच्या डोलकाठीच्या बुडाशी खाच पाडून सुतार तिच्यात होडीची देवी बसवतो. मालकाच्या बायकोचे केस, दोन फासे, कागदाच्या दोन बाहुल्या. भरतीच्या वेळी, एकटा, कुणी बघत नसताना. त्याबद्दल बोलायचंही नसतं.

"डोलकाठी कापायची म्हणजे देवी काढायला हवी," गिनझो म्हणाला. "मी म्हटलं, चालत्या होडीतून काढत नाहीत, साहेब, होडी उघडी पडते. ऐकतात कशाला? मशीनगन बसवायची होती. मी काढली. तिसऱ्या दिवशी होडी बुडाली. तुझ्या आईचे केस आहेत गं यात. मी कुठल्या तोंडानं घेऊन आलो असतो?"

सात माणसांना कुणी मारलं हे अख्ख्या मुख्यालयाला ठाऊक होतं, आणि पाप मात्र हा म्हातारा मुळे सोलत एकटा वाहत होता. मला रडू आलं ते दुःखानं नव्हे, संतापानं. मी म्हटलं, "काका, विमानांनी मारलं त्यांना. आणि ज्यांनी पाठवलं त्यांनी."

"असेल," तो म्हणाला. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. "पण मी रीत सोडली नाही. देवी काढली तर कुणाच्या सांगण्यावरून काढली ते लिहून ठेवायचं असतं. तिला पुढे जाब विचारायचा झाला तर माणूस ठाऊक हवा ना? सही-शिक्का घेतल्याशिवाय मी करवत लावली नाही. तो पोरगेला साहेब हसत होता. म्हणाला, आण म्हातारबा, तुझ्या देवीला माझा नमस्कार सांग."

डबीत केसांखाली घडी केलेला कागद होता. कागद पिवळा पडला होता, तरी अक्षर सुतारी, ठसठशीत होतं. 'मे महिन्याची नऊ तारीख. इसामी मारू, मालक तामेकिची, आज नौदलानं पूर्वेच्या समुद्रात टेहळणीसाठी घेतली. देवी, तुला पुढील माणसाच्या सांगण्यावरून उतरवले आहे.' आणि खाली लाल शिक्का. डाव्या कडेला, खालच्या अंगाला टवका उडालेला.

तो शिक्का मी त्या वर्षात दोनशे दहा पानांच्या कोपऱ्यात पाहिला होता. पुराव्यासाठी मला दुसऱ्या कुणाकडे जायची गरजच उरली नाही.

गुरुवारी कुरोसे साहेबांनी वड्यांचा पुडा ठेवला आणि शिक्का काढून पुसला. मी त्यांच्यापुढे दोनशे दहावं पान ठेवलं, त्यांच्या ताज्या शिक्क्यासकट, आणि शेजारी गिनझोचा कागद ठेवला. मालकांना मी आधी काही सांगितलं नव्हतं. तेही वाकून बघू लागले.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग दोन्ही शिक्क्यांवरून बोट फिरवलं.

"ही थट्टा होती," ते हलक्या आवाजात म्हणाले. "म्हातारा अडून बसला होता. मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. हा काही नौदलाचा कागद नाही."

"म्हणून तर तो जळायचा राहिला," मी म्हणाले.

मालकांनी मला आवरायचा प्रयत्न केला नाही. उलट ते जाऊन दुकानाचं दार लोटून आले. तेवढ्यासाठी मी त्यांना बरंच काही माफ केलं आहे.

"काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"घडलं ते. तुम्ही सांगा, मी जुळवते."

मी तबक घेऊन खणांसमोर उभी राहिले. ते सांगू लागले. मे महिन्याच्या नऊ तारखेला मासेमारी नौका इसामी मारू पूर्वेच्या समुद्रातील टेहळणीसाठी ताब्यात घेण्यात आली. बारा तारखेला कर्तव्यावर असताना ती बुडाली. मग ते म्हणाले, "पुढे... सात जण."

"नावं."

"ती मला ठाऊक नाहीत."

मी सांगितली आणि सांगता सांगता जुळवली. तामेकिची. कानेझो. हेइहाची आणि त्याचा मेहुणा रोकुया. इनोसुके. तोकुजी. यंत्रावरचा वासाबुरो. सात नावांना वेळ लागतो. ती उलटी वाचत खणाखणांतून वेचावी लागतात. साहेब मान खाली घालून ऐकत होते.

"बंदी मोडल्याची वार्ता खरी नव्हती, हेही घाला," मी म्हणाले. ते त्यांनी सांगितलं, पण फार हळू. मला पुन्हा विचारावं लागलं.

"आणि हुकूम कुणाचा?"

"मुख्यालयाचा," ते म्हणाले.

माझा हात खणावर थांबला. "मुख्यालय शिक्का मारून हसत नाही, साहेब."

बाहेर मासळीची गाडी गेली. ती वळणापलीकडे जाईपर्यंत ते शिक्का पुसत राहिले. मग त्यांनी स्वतःचं आडनाव सांगितलं, हुद्द्यासकट, जसं एखाद्या नव्या भरतीच्या शिपायानं सांगावं तसं. मी ती अक्षरं जुळवली. नवं पान कच्चं छापलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी त्यावर शिक्का मारला आणि उठून मला वाकून नमस्कार केला. मी परत वाकले नाही. सात माणसांसाठी तेवढं वाकणं फार स्वस्त झालं असतं.

पुस्तक नोव्हेंबरात बांधून झालं. पहिली प्रत मी घरी नेली. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. रोजचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून औषधांच्या जाहिरातींपर्यंत चष्म्याशिवाय वाचायची, आणि शेजारणीला मोठ्यानं वाचूनही दाखवायची. तिनं दोनशे अकरावं पान वाचलं. एकदाच. मग गिनझोनं परत दिलेली डबी उघडून आपले केस पाहिले. काळेभोर होते, चाळीस वर्षांपूर्वीचे.

"किती दाट होते बघ," ती म्हणाली. आणि डबी मिटली. मला वाटलं होतं, रडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुस्तक काखेत मारून निघाली. मी मागोमाग गेले. ती सरळ लिलावाच्या छपरीत शिरली. होड्या आलेल्या, पाट्या मांडलेल्या, अख्खं गाव रबरी बूट घालून उभं. मच्छीमार संघाचे सेन्दा मध्यभागी भाव पुकारत होते. ओबोनच्या यादीतून इसामी मारू गाळणारे तेच, आणि साहेबांना साक्ष देणारेही तेच. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि उघडं पुस्तक तिनं त्यांच्या ओल्या हातात दिलं.

"हे वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं. मला वाचता येत नाही."

सेन्दांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आई वर्तमानपत्र वाचते हे त्या छपरीत प्रत्येकाला ठाऊक होतं, पण कुणी तोंड उघडलं नाही. सेन्दा वाचू लागले. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. कानेझोच्या नावाशी मागे कुणीतरी डोक्याचं फडकं काढलं, तो त्याचा पुतण्या होता. सेन्दांचा आवाज बसत चालला. बंदीची वार्ता खरी नव्हती, या शब्दांशी ते थांबले, पण आई हलली नाही, म्हणून त्यांनी तेही वाचलं. शेवटी साहेबांचं नाव वाचलं आणि पुस्तक मिटून परत द्यायला हात पुढे केला.

आईनं ते घेतलं नाही.

"पहिल्यापासून वाच परत," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."